मी नसताना ओव्हाळमावशी

आमच्या विद्यापीठाच्या कर्मचारी परिषदेचा मी सहा वर्षं अध्यक्ष होतो, आणि त्या सहा वर्षांत परिषदेच्या हातून झालेलं एकमेव धड काम मी सभेच्या खोलीबाहेर, जांभळाखालच्या बाकावर बसलेलो असताना झालं. हा माझा विनय नाही. इतिवृत्तात तसं लिहिलेलं आहे, आणि पुढच्या सभेत त्याखाली मीच सही केली आहे: ‘अध्यक्ष अनुपस्थित. उपाध्यक्ष श्रीमती ओव्हाळ यांनी कामकाज चालवले.’

मुळात मी अध्यक्ष झालो तोही उशीर झाल्यामुळे. आमचं विद्यापीठ कामशेत आणि लोणावळ्याच्या मधे, जुन्या हायवेला लागून. मी परीक्षा विभागात हेडक्लार्क, घर लोणावळ्याला. निवडणुकीच्या सभेला मी दहा मिनिटं उशिरा पोचलो. क्लार्क, शिपाई, माळी, ड्रायव्हर, झाडलोटीच्या बायका, असे सगळे बसलेले होते. रिकामी खुर्ची एकच दिसली, टेबलामागची, मधली. मी तिच्यात जाऊन टेकलो आणि टाळ्या वाजल्या. उठून ‘नाही हो, मी सहज बसलो’ म्हणायचा मोह झाला होता; पण माझ्यासाठी टाळ्या पहिल्यांदाच वाजत होत्या. बसून राहिलो.

आठ दिवसांत मी स्वतःसाठी पितळेची एक घंटी आणि टेबलावर ठेवायची नावाची पाटी करून आणली. अध्यक्षाचं काम काय असतं याची माझी समज तिथपर्यंत होती. बाकीचं सोपं होतं. कार्यवाह सावंत लिहायचे, कोषाध्यक्ष चहा सांगायचे, मी बोलायचो. राहिला उपाध्यक्ष. परिषदेच्या घटनेत, म्हणजे बारा पानांच्या एका पिवळ्या पुस्तिकेत, चार पदाधिकाऱ्यांत एक तरी स्त्री असावी असं कलम होतं. मी घंटी वाजवून म्हणालो, “रसायनशास्त्राच्या ओव्हाळमावशींना करू. उपाध्यक्षाला काही काम नसतं, त्यामुळे मावशींचं मनापासून अभिनंदन.” सगळे हसले. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी पुस्तिकेची एक प्रत मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी साडेआठला, मी अजून डबा कपाटात ठेवत होतो तेव्हा, त्या टेबलासमोर उभ्या. ठेंगणी, काटक बाई. निळसर सुती साडी, वर प्रयोगशाळेचा पांढरा एप्रन, कमरेला किल्ल्या. बोटांची टोकं आयुष्यभर काचा धुऊन पांढरट पडलेली. पुस्तिका उघडून त्यांनी माझ्यापुढे धरली.

“अध्यक्ष, माजं काम कुटं लिव्हलंय?”

मी शोधून दाखवलं. एकच ओळ होती. अध्यक्षांच्या अनुपस्थितीत त्यांची सर्व कर्तव्ये पार पाडणे.

मावशींनी ओळीवर बोट ठेवून ती दोनदा वाचली. “म्हंजे तुमी नसताना मी तुमी.”

“तसंच काहीसं.”

“मग तुमी काय काय करता, ते मला आदी म्हाईत पायजे.”

हा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. बायकोनं विचारला होता, पण वेगळ्या शब्दांत. मी थोडा विचार केला आणि स्वागत, प्रास्ताविक, समारोप अशी तीन कामं सांगितली. मावशींनी पुस्तिका उलटली. “हितं तर नऊ लिव्हलीत.”

आणि त्या दिवसापासून त्यांनी ती नऊ कामं शिकायला घेतली. माझ्याकडून नव्हे, अर्थातच. पुस्तिकेतून.

मावशी आंदर मावळातल्या. टाकव्याच्या पुढे गाड्या विरळ होत जातात तिकडचं गाव. गावात एसटीची एकच गाडी रात्री मुक्कामाला यायची, ती सकाळी सहाला सुटायची आणि सव्वासातला आमच्या गेटवर पोचायची. प्रयोगशाळा साडेनऊला उघडायची. मधले दोन तास मावशी काय करतात हे मला पुष्कळ दिवस माहीत नव्हतं. त्या विद्यापीठभर फिरायच्या. गेटवरच्या वॉचमनपासून पंपावरच्या माणसापर्यंत एकेकाशी बोलायच्या, आणि घडी घातलेल्या कागदावर काहीतरी टिपायच्या. शिक्षण सातवी. अक्षर मोठं, गोल, ओळीच्या वर चालणारं.

प्रयोगशाळेत त्यांची एक सवय होती. बीकर धुऊन झालं की खिडकीपुढे धरायचं, एक डोळा मिटायचा आणि फिरवून बघायचं. एखादा ठिपका दिसला की पुन्हा पाण्यात. कुणी म्हणालं, मावशी, केवढासा डाग तो, तर म्हणायच्या, “डाग माज्या हातनं ऱ्हातो, आनि उत्तर त्या पोरीचं चुकतं.” गंमत म्हणजे कागदही त्या तसाच बघायच्या. परिपत्रक आलं की खिडकीपाशी न्यायचं, उजेडात धरायचं, एक डोळा मिटायचा. मी त्यांना एकदा म्हणालो, “मावशी, आरपार काय दिसतंय?” त्या म्हणाल्या, “आरपार काय न्हाई दिसत. हुबं राहून वाचलं की माणूस नीट वाचतं. बसून वाचलं की सई करतं.” हे वाक्य तेव्हा मी विनोद म्हणून इतरांना सांगत हिंडलो.

सभा दर महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी, दुपारी तीनला. त्या दिवशी सकाळी आठच्या ठोक्याला मला फोन यायचा.

“अध्यक्ष, येताय न्हवं?”

“येतोय की.”

“तब्येत?”

“उत्तम.”

“बरं.”

त्या ‘बरं’मध्ये समाधान असायचं की निराशा, हे मला सहा वर्षांत कळलं नाही. कारण त्या एका सभेपर्यंत मी कधी गैरहजर राहिलोच नाही. कर्तव्यनिष्ठा वगैरे काही नव्हतं. मला ती घंटी वाजवायला आवडायची. ताप असताना मफलर गुंडाळून आलोय. मेव्हण्याच्या लग्नातून अक्षता टाकून परत आलोय. आणि दर वेळी मावशी माझ्या डाव्या हाताला, पूर्ण तयारीनिशी, मी येणारच नाही असं धरून बसलेल्या. एकदा त्यांचा घडीचा कागद उघडा राहिला होता, तो मी चोरून पाहिला. प्रत्येक विषयापुढे तो ज्यांना लागतो त्या माणसांची नावं, आणि ज्याच्याशी बोलून झालं त्याच्या नावाआधी एक ठिपका. सगळ्या नावांआधी ठिपके होते. माझ्या कागदावर दोन शब्द होते. स्वागत. आभार.

त्या क्वचितच बोलायच्या, पण एकदा बोलल्या ते मी विसरणार नाही. मला कुठूनसं कळलं की निवृत्त माळी भिकाजी वारले. मी सभेच्या सुरुवातीला गहिवरून भाषण केलं. त्यांनी लावलेल्या गुलमोहराच्या सावलीत आपण आज उभे आहोत, असं म्हणालो. तो गुलमोहर वनखात्याने लावलेला होता हे मागाहून कळलं. “आता आपण सर्व दोन मिनिटं स्तब्ध...” सगळे उभे राहिले, आणि डावीकडून आवाज आला.

“अध्यक्ष, हरकतीचा मुद्दा.”

श्रद्धांजलीला हरकत? सावंतांची पेन्सिल थांबली.

“भिकाजीआबा आज सकाळी माज्या बरुबर गाडीत हुते. कामशेतला उतरले. दात काडायला चाललेत.”

खोलीत जो हशा उठला त्याला घंटीचा उपयोग झाला नाही. मी खुर्चीत बसायला लागलो, तर मावशी हळूच म्हणाल्या, “बसू नका. हुबे ऱ्हायलोच हाय तर दोन मिन्टं हुबं ऱ्हाऊ. त्यांचं आयुष्य वाडंल.” आणि आम्ही चाळीस माणसं एका जिवंत माणसाच्या दातासाठी दोन मिनिटं गंभीरपणे उभे राहिलो. मला तोंड लपवायला ती दोन मिनिटं पुरली. मावशींनी ती त्यासाठीच दिली होती, हे उमगायला मात्र मला फार वेळ लागला.

पुढच्या रांगेत बसायचं त्यांचं एक व्रतच होतं. कारण एकदा विचारलं तेव्हा सांगितलं. त्यांचा आजा गावच्या सभेला देवळाबाहेर, पायरीच्या खाली उभा राहून ऐकायचा. आत यायची मुभा नव्हती. आत बोललेलं निम्मं वाऱ्यावर जायचं. मग बापानं बाबासाहेबांच्या मागोमाग धर्म बदलला, वस्तीवर विहार बांधताना डोक्यावर दगड वाहिले, आणि मुलीला सांगून ठेवलं. “सबंत बसायचं तर म्होरं बसायचं, आनि उठंपातूर बसायचं.” मावशी हे सांगताना बीकर पुसत होत्या. आवाज जराही चढला नाही.

आता माझ्या सहीकडे यायला हवं. टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

कुलसचिवांच्या दालनात एक छोटा समारंभ होता. वार्षिक अंकासाठी फोटोग्राफर आलेला. कर्मचारी परिषद आणि प्रशासन यांच्यातला सुसंवाद, असा फोटोचा विषय. समोर चार कागद ठेवले. मी फोटोग्राफरला म्हणालो, “पेन दिसू दे बरं का,” आणि कॅमेऱ्याकडे बघत चारही कागदांवर सही केली. फोटो उत्तम आला. अजून आहे माझ्याकडे.

त्यातला तिसरा कागद म्हणजे पाळीच्या वेळा. वसतिगृहाची आणि इमारतींची झाडलोट साडेसातऐवजी साडेसहाला सुरू होणार, आणि पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून ज्यांना ते जमणार नाही त्यांच्या जागी दुसऱ्या बायका घेणार. ‘कर्मचारी परिषदेची संमती आहे’ असं खाली छापलेलं, आणि त्याच्याही खाली माझी लफ्फेदार सही.

झाडलोटीच्या बायकांपैकी अकरा जणी त्या मुक्कामाच्या गाडीनं यायच्या. गाडी गेटवर सव्वासातला. तिच्याआधी दुसरी गाडी नाही.

परिपत्रक फलकावर लागलं त्या सकाळी मावशी माझ्या टेबलाशी आल्या. हातात कागदाची प्रत. त्यांनी तो उजेडात धरून वाचलेला असणार, हे मी त्यांच्या तोंडावरून ओळखलं. मी ओरडा खायच्या तयारीनं उठून उभा राहिलो.

“अध्यक्ष,” त्या म्हणाल्या, “ह्या गुरवारी तुमी येऊ नका.”

“म्हणजे?”

“विषय तुमच्या सईचा हाय. तुमी खुर्चीत बसला तर बायका बोलायच्या न्हाईत. आनि बोलल्या तर तुमाला ऐकवायचं न्हाई.” मग पुस्तिका उघडून तीच एक ओळ दाखवली. “तुमी नसलात तर मी हाय.”

सहा वर्षांत त्यांनी माझ्याकडे केलेली ही पहिली मागणी. मी रुबाबात घंटी पुढे केली. त्यांनी ती दोन बोटांनी उचलून परत ठेवली. “ही ऱ्हाऊ द्या. म्हशीच्या गळ्यात बांदायची असती.” आणि जाता जाता, दारात थांबून, जरा मऊ आवाजात म्हणाल्या, “भाईर बसायचं म्हंजे काय, ते आमच्या घरात म्हाईत हाय, अध्यक्ष. जांभळाखाली बसा. मी खिडकी उगडी ठेवते.”

तर अशा रीतीनं मी त्या गुरुवारी बाकावर होतो. खिडकी उघडी होती. जांभळं पिकलेली नव्हती, नाहीतर माझ्या शर्टाचं काय झालं असतं ते वेगळंच.

आधी सावंतांचा आवाज आला. चांगलाच तापलेला. “माझा ठराव आहे. अशा अध्यक्षांवर या परिषदेचा विश्वास नाही. वाचता येत नसेल तर...”

“सावंतभाऊ, नोटिशीत विषय किती लिव्हलेत?”

“एक.”

“कंचा?”

“पाळीची वेळ.”

“मग वेळंवर बोला. अध्यक्षाचा विषय नोटिशीत न्हाई. आनि जो हजर न्हाई त्याच्यावर बोलायचं न्हाई, पान सात. बसा.” खुर्ची करकरली. “आज येक नवीन. जी सगळ्यात खालच्या कामाची, ती पैली बोलंल. शेवंता, ऊठ.”

शेवंता वसतिगृहाचा जिना झाडायची. सहा वर्षांत तिचा आवाज मी ऐकला नव्हता. तो आला, अगदी बारीक, आणि वाटेत थांबत थांबत.

“साडेसहाला हितं यायचं तर मला चालत येयाचं... तीनला निगाया पायजे. वड्यातनं. मानसं म्हंत्यात पोराला गाडी घ्यायला सांग. पोरगं न्हाई मला. सासू हाय, ती हातरुनावर हाय, तिला भाकर घालून निगते मी. मी मुकादमाला बोलले. त्यो म्हनला, तुमच्याच अध्यक्षाची सई हाय, जा तेला इचार. मी काय इचारनार? सायेब चांगलं हायेत. वाचलं नसंल त्यांनी.”

सावंतांनी वाचता येत नाही म्हटलं ते लागलं नव्हतं. हे लागलं. शर्टाच्या खिशाला लावलेलं पेन मी काढलं आणि पँटच्या खिशात, खाली, दिसणार नाही असं ठेवलं.

अकराही जणी बोलल्या. मावशींनी कुणाला तोडलं नाही, कुणाला पुढे रेटलं नाही. शेवटी ठराव सांगितला, आणि सावंत लिहून घेऊ लागले. तो मला पाठ आहे. सभेला न विचारता सही झाली ही चूक. पण अध्यक्षांना त्यांची नऊ कामे कुणी वाचून दाखवली नाहीत, ही सभेचीही चूक. सही अध्यक्षांची, तेव्हा मागे घ्यायची ती अध्यक्षांनीच. आणि त्याआधी अध्यक्षांनी एकदा मुक्कामाच्या गाडीने कामावर यावे.

“अनुमोदन?”

“माजं,” शेवंता म्हणाली. या वेळी तिचा आवाज बाकापर्यंत अडखळला नाही.

सोमवारी पहाटे साडेचारला मी स्कूटर काढली. धुकं एवढं की टाकवे आलं कधी, गेलं कधी कळलं नाही; एका भल्या कुत्र्याच्या मागे मागे मी गावात शिरलो. गाडी कुठे मुक्काम करते ते विचारायचं राहून गेलं होतं. मी आपला डांबरी रस्त्यावर, पाटीखाली, मफलर कानावर ओढून उभा. पावणेसहाला समोरच्या चढावर चार उजेड हलताना दिसले. मोबाइलच्या बॅटऱ्या. त्यामागे बायका, पदर डोक्यावरून, चपला हातात, कारण ओढा पार करून आलेल्या. सगळ्यात पुढे मावशी. वस्ती गावठाणापासून लांब, तिथून त्या वीस मिनिटं चालत यायच्या. आणि शेवंताची वाडी त्याच्याही पलीकडे.

“अध्यक्ष, हितं कुटं हुबे? गाडी देवळापाशी ऱ्हाती!”

“पाटी इथे आहे ना.”

“पाटी हाय. पर ड्रायवर तितं झोपतो.”

देवळापाशी गाडी होती. खिडक्यांना आतून वाफ धरलेली. मला शेवंताशेजारी जागा मिळाली. वाटेत कुणी माझ्याशी मुद्दाम बोललं नाही, कुणी टोमणाही मारला नाही. एकीनं भुईमुगाच्या शेंगा हातावर ठेवल्या. प्रत्येक वळणावर शेवंताचं डोकं झोपेनं काचेवर आपटत होतं आणि ती दर वेळी दचकून ‘आलं का?’ म्हणत होती. टाकवे मागे पडलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की माझी स्कूटर त्या पाटीखालीच राहिली आहे.

मी हे मावशींना सांगितलं. त्या पहिल्यांदा, सगळे दात दिसतील अशा हसल्या. “बरं झालं. संद्याकाळची गाडी बी बगून हुईल.”

त्याच दिवशी अकराला आम्ही कुलसचिवांपुढे गेलो. मी रात्रभर पाठ केलेलं भाषण तोंडात तयार होतं. कुलसचिवांनी चष्म्यावरून पाहिलं. “पण यावर तुमची संमती आहे.”

भाषण गेलं. “सर, मी ते वाचलं नव्हतं.”

हे वाक्य बोलताना मला आयुष्यात पहिल्यांदा पदाधिकारी असल्यासारखं वाटलं. कुलसचिव माणूस वाईट नव्हते. त्यांनाही कागद खालून आला होता आणि त्यांनीही बहुधा बसूनच वाचला होता. “आणि आता वाचलात?”

उत्तर माझ्या डाव्या हाताकडून आलं. “आता गाडीत बसून आलेत, सायेब.”

त्यांनी मावशींना खुर्ची दिली. मावशींनी घडीचा कागद उघडला. कोण जवळ राहतं आणि साडेसहाला येऊ शकतं, कोण गाडीनं येतं आणि संध्याकाळी तासभर जास्त थांबू शकतं, सगळं नावानिशी, नावाआधी ठिपक्यासह. वीस मिनिटांत काम झालं. अकरा जणींची वेळ साडेसातच राहिली. कुलसचिवांनी फक्त एक अट घातली आणि ती लेखी घातली: ही सवलत ती सकाळची गाडी चालू आहे तोवर. गाडी बंद झाली तर वेळ सगळ्यांना एकच, साडेसहा.

मावशी तो कागद खिडकीपाशी घेऊन गेल्या. एक डोळा मिटला. शेवटच्या ओळीवर बराच वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, “करा सई, अध्यक्ष. आता करा.”

सात महिन्यांनी त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभात मी म्हणालो की मावशी आता निवांत घरी बसतील, आणि पहिल्या रांगेतून आवाज आला, “कोन म्हनलं?” एवढंच. मी खाली बसलो. त्या वेळी मला तो मावशींचा नेहमीचा फटकारा वाटला.

पुढच्या थंडीत परीक्षांचे दिवस होते म्हणून मी एका सकाळी सातलाच गेटवर पोचलो होतो. धुक्यातून मुक्कामाची गाडी आली, थांबली. एकेक करत अकरा जणी उतरल्या, शेवंता शेवटची. मी तिला नमस्कार करणार तेवढ्यात वर पाहिलं तर तिसऱ्या खिडकीत ओव्हाळमावशी. एप्रन नाही, स्वेटर घातलेला, मांडीवर रिकामी पिशवी. शेजारी, मागे, गावातल्या चार-पाच म्हाताऱ्या, दोन म्हातारे. भिकाजीआबाही होते, नव्या दातांसकट.

“मावशी! तुम्ही कुठे?”

“लोनावळ्याला. बाजारला.” मग त्यांनी मान जरा बाहेर काढली आणि आवाज उतरवला. “डेपोचा मानूस आलाय आज मोजायला. ह्यो बगा, म्होरं, वही घेऊन. मान्सं कमी भरली तर गाडी बंद करनार म्हंत्यात. म्हनून वस्तीवरनं, गावातनं घिऊन आले ह्यास्नी.”

“आणि सगळे खरंच बाजार करणार?”

“आबा चहा पिनार हायेत. बाकीच्या बगत्याल.” त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तुमी काय हुबे? जावा, मशीनला अंगठा लावा. उशीर लागंल नावावर.”

कंडक्टरनं दोरी ओढली. वहीवाला माणूस पुढच्या सीटवर पेन्सिल घेऊन वळला होता आणि मोजत होता. त्याच्यावर मावशींचा भरवसा नसावा. गाडी हलली तसं वाफेच्या काचेतून मला त्यांचा हात दिसला, एक बोट पुढे केलेला. गेटकडे चाललेल्या अकरा जणींवरून तो फिरला, मग आत वळून एकेका म्हाताऱ्या डोक्यावरून, सावकाश, कुणी सुटू नये असा. आणि सगळ्यात शेवटी त्यांनी ते बोट स्वतःच्या छातीवर टेकवलं.